एक इंजेक्शन, एक चिठ्ठी आणि 'ईआर पॉझिटिव्ह'

ऑक्टोबर आला की कॉलेजच्या गेटवर गुलाबी फिती दिसायला लागतात. एनएसएसची रॅली निघते, पोस्टर स्पर्धा होते, कॉलेज रोडवर एखादा सेल्फी पॉइंटही उभा राहतो. स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलायला हा महिना ठरवून दिलेला आहे आणि त्यात एकच वाक्य शंभर वेळा कानावर पडतं : लवकर ओळखा, जीव वाचवा. वाक्य खरंच आहे. पण ओळखल्यानंतर काय, याबद्दल पोस्टर गप्प असतं.

ओळखल्यानंतर हातात एक रिपोर्ट येतो. तो इंग्रजीत असतो. त्यात खाली कुठेतरी तीन ओळी असतात : ईआर, पीआर, हर-टू. पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. आणि घरात तो कागद कोणाच्या हातात दिला जातो? 'तू शिकतोस ना, बघ जरा काय लिहिलंय', असं म्हणून तुमच्याच. आईचा असो, मावशीचा असो, शेजारच्या काकूंचा असो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण सापडले आणि ९८ हजारांहून जास्त मृत्यू झाले. म्हणजे हा कागद तुमच्या वर्गातल्या कोणा ना कोणाच्या घरी येणारच आहे. मुलग्यांनो, तुम्हीही पान उलटू नका. रिपोर्ट वाचायला तुम्हालाच बसवणार आहेत, आणि हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो.

तर, त्या तीन ओळी नीट वाचू या. कारण त्यांच्यामागे २०२४ चं नोबेल आहे, मुंबईतली एक मोठी चाचणी आहे आणि खारघरच्या प्रयोगशाळेत सापडलेला एक धागा आहे.

हा 'पॉझिटिव्ह' घाबरायचा नाही

कोविडनंतर 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. इथे उलटं आहे. ईआर म्हणजे ईस्ट्रोजेन रिसेप्टर आणि पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. ईस्ट्रोजेन हे शरीरात फिरणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन. रिसेप्टर हे पेशीतलं प्रथिन. हार्मोन येऊन त्या प्रथिनावर बसलं की पेशीला 'वाढ' असा हुकूम मिळतो. गाठीतल्या पेशींमध्ये हे रिसेप्टर असतील तर रिपोर्टवर पॉझिटिव्ह येतं. याचा सरळ अर्थ : ही गाठ हार्मोनवर जगतेय, म्हणून तिचं हार्मोन तोडता येईल.

ही कल्पना जुनी आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं अंडाशय काढून टाकल्यावर स्तनातल्या गाठी आक्रसतात, असं नोंदवलं. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा नव्हता. रिसेप्टर सापडायला १९५० चं दशक संपत आलं. अमेरिकेत टॅमॉक्सिफेन या गोळीला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, टॅमॉक्सिफेन तेच करते. ईस्ट्रोजेनच्या जागेवर आधीच जाऊन बसते. पाळी थांबलेल्या बायकांना बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची गोळी देतात, ती शरीरात ईस्ट्रोजेन तयार होणंच कमी करते. या गोळ्या निदान पाच वर्षं रोज घ्यायच्या असतात.

जगभरात स्तनाच्या कर्करोगाच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण सात जणी ईआर पॉझिटिव्ह असतात. भारतात हे प्रमाण त्याहून कमी दिसतं आणि तिन्ही ओळी निगेटिव्ह असलेला 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. तिथे रुमाल टाकायला जागाच नसते.

आता खरा प्रश्न. ईआरचा जनुक तर सगळ्याच पेशींमध्ये असतो. मग एका गाठीत रिसेप्टर भरपूर आणि दुसरीत शून्य, असं का? सुरुवातीला पॉझिटिव्ह असलेली, गोळीला छान दाद देणारी गाठ काही वर्षांनी दाद देईनाशी का होते? याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक कारण फार उशिरा लक्षात आलं, कारण ते फारच छोटं होतं.

मिसळीच्या हॉटेलातली चिठ्ठी

रविवारी सकाळी मिसळ खायला जाता तेव्हा काय होतं ते आठवा. सगळ्या पदार्थांच्या रेसिपीची वही गल्ल्यावर असते, ती जागची हलत नाही. ऑर्डर दिली की त्यातल्या एका पदार्थाची चिठ्ठी भटारखान्यात जाते. चिठ्ठी पोचली की प्लेट येते. पेशीतही असंच चालतं. वही म्हणजे डीएनए, चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए आणि प्लेट म्हणजे प्रथिन. अकरावी-बारावीत आपण एवढंच शिकलो.

पण समजा, गल्ला आणि भटारखाना यांच्यामध्ये एक पोरगा उभा आहे. तो काही शिजवत नाही, ऑर्डरही घेत नाही. ठरावीक खूण असलेली चिठ्ठी दिसली की ती अडवतो, कधी फाडतो. वही तशीच, ऑर्डरही गेलेली, पण प्लेट येत नाही. हा पोरगा म्हणजे मायक्रोआरएनए.

तो साधारण २२ अक्षरांचा असतो. चिठ्ठीच्या शेपटाकडच्या भागात सहा-आठ अक्षरं जुळली की तिथे चिकटतो आणि ती चिठ्ठी निकामी करतो. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी हे एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत दाखवलं. बहुतेकांना वाटलं, असेल त्या कृमीची काहीतरी भानगड. २०००मध्ये रव्हकुन यांच्या गटाला दुसरा मायक्रोआरएनए मिळाला आणि तो माणसासकट बऱ्याच प्राण्यांमध्ये निघाला. तेव्हा सगळे सावरून बसले. आज माणसात असे हजारावर मायक्रोआरएनए माहीत आहेत. ७ ऑक्टोबर २०२४ ला या दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं.

आता ही गोष्ट ईआरला लावा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की मिर-२०६ नावाचा मायक्रोआरएनए ईस्ट्रोजेन रिसेप्टरचीच चिठ्ठी अडवतो. गंमत म्हणजे ईस्ट्रोजेन आलं की मिर-२०६ कमी होतो. म्हणजे मिर रिसेप्टरला दाबतो आणि रिसेप्टर जोरात आला की मिरला दाबतो. रस्सीखेच. ज्याचा जोर जास्त, तिकडे पेशी झुकते. २००८ मध्ये मिर-२२१ आणि मिर-२२२ ही जोडी पुढे आली. ज्या पेशींमध्ये ही जोडी जास्त, तिथे ईआर कमी आणि टॅमॉक्सिफेनचा परिणामही कमी, असं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दिसलं. रुमाल होता, पण बसमधली सीटच कोणीतरी काढून नेली होती.

म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट ही : रिपोर्टवरचं 'ईआर पॉझिटिव्ह' हा जन्मखूण असल्यासारखा कायमचा शिक्का नाही. ती त्या दिवशीची, त्या गाठीतली स्थिती आहे. जनुक तोच राहतो, चिठ्ठ्यांचा कारभार बदलू शकतो.

परळची चाचणी, खारघरचा धागा

इथवरची नावं सगळी परदेशी आली. आता आपल्याकडे या.

१९९१ मध्ये डॉ. राजेंद्र बडवे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करत होते. त्यांच्या गटानं २४९ बायकांच्या नोंदी तपासून एक चक्रावून टाकणारी गोष्ट मांडली. मासिक पाळीच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली, यावर पुढे किती जणी वाचल्या हे बदलताना दिसत होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे तसंच दिसलं नाही आणि वाद झाला. पण बडवे यांनी प्रश्न सोडला नाही. पाळीच्या दुसऱ्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन वाढतं. मग शस्त्रक्रियेच्या आधी आपणच प्रोजेस्टेरॉन दिलं तर?

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९९७ ते २००४ या काळात १,००० बायकांवर ही चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन, ५०० मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाला फक्त शस्त्रक्रिया. पुढचे उपचार दोघींना नेहमीचे. निकाल २०११ मध्ये छापून आला. सगळ्या बायका मिळून पाहिलं तर पाच वर्षं आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ७३.९ टक्के विरुद्ध ७०.२ टक्के. फरक आहे, पण तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येण्याएवढा नाही. मात्र ज्यांच्या काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत कर्करोग पोचला होता, अशा ४७१ जणींमध्ये हेच आकडे ६५.३ आणि ५४.७ टक्के असे निघाले. म्हणजे दर शंभरात दहा-अकरा बायकांचा फरक. एका स्वस्त, जुन्या इंजेक्शननं.

पण हे होतं कसं? एकदाच दिलेलं हार्मोन पाच वर्षांनंतरचा आकडा कसं बदलतं? हा प्रश्न नवी मुंबईत खारघरला असलेल्या टाटा मेमोरियल सेंटरच्याच ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटानं हातात घेतला. उत्तर शोधता शोधता ते पुन्हा त्या चिठ्ठी अडवणाऱ्या पोरग्यापाशी येऊन पोचले.

२०१७ मध्ये मुकुल गोडबोले आणि सहकाऱ्यांनी चार प्रकारच्या कर्करोगपेशींना प्रोजेस्टेरॉन दिलं आणि त्यांच्यातले छोटे आरएनए वाचून काढले. प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर मिर-१२९-२ वाढला, आणि हा मिर प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचीच चिठ्ठी अडवत होता. म्हणजे हार्मोन आलं आणि त्यानं मायक्रोआरएनएच्या हातून स्वतःचाच रिसेप्टर कमी करून घेतला. पीआरची ओळ कायमचा शिक्का नाही, याचा याहून सरळ पुरावा कोणता?

२०२२ मध्ये याच गटाचा दुसरा अभ्यास आला. शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉन मिळालेल्या १० आणि न मिळालेल्या २० गाठींचा आरएनए डेटा त्यांनी पुन्हा वाचला. त्यात डीएसकॅम-एएस१ नावाचा एक लांब आरएनए प्रोजेस्टेरॉननंतर खूप घटलेला दिसला. हा आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाही. तो मिर-१३०ए या पोरग्याला स्पंजासारखा शोषून ठेवतो. आपल्या हॉटेलच्या भाषेत, त्याला बाहेर गप्पांत अडकवून ठेवतो, म्हणजे चिठ्ठ्या बिनधास्त आत जातात. प्रोजेस्टेरॉननं हा गप्पिष्ट मित्र हटवला. मिर-१३०ए मोकळा झाला आणि त्यानं ईस्ट्रोजेन रिसेप्टरची चिठ्ठी अडवली. पेशींची इकडेतिकडे पसरण्याची, आजूबाजूला घुसण्याची ताकद कमी झाली. अमेरिकेतल्या मोठ्या खुल्या डेटामध्येही ज्यांच्या गाठीत मिर-१३०ए जास्त, त्या जास्त काळ जगण्याकडे कल दिसला.

कर्करोगानं माणूस जातो तो बहुतेकदा स्तनातल्या गाठीनं नाही, ती पसरल्यानं. म्हणून 'पसरण्याची ताकद कमी झाली' हे वाक्य महत्त्वाचं आहे.

मग हे इंजेक्शन सगळ्यांना का देत नाहीत?

तुमच्या मनात हा प्रश्न आला असेल तर तुम्ही बरोबर वाचताय. याची तीन कारणं दिसतात आणि तिन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

एक, फायदा संपूर्ण गटात ठामपणे दिसला नाही, एका उपगटात दिसला. क्रिकेटमध्ये कोणी म्हणालं की अमुक फलंदाज डावखुऱ्या गोलंदाजांविरुद्ध, दुसऱ्या डावात, पावसाळी हवेत भारी खेळतो, तर आपण हसतो. भाग पाडत गेलं की कुठेतरी चांगला आकडा सापडतोच. काखेतल्या ग्रंथींचा उपगट इतका फालतू नाही, त्याला वैद्यकीय अर्थ आहे. तरीही असा निकाल दुसऱ्या मोठ्या चाचणीत पुन्हा दिसला, तरच तो नियम बनतो.

दोन, खारघरचं काम पेशींवर आणि थोड्या गाठींवर आहे. ते 'असं होत असावं' याचा भक्कम धागा देतं. उपचार बदलायला तेवढं पुरत नाही.

तीन, आणि हे मला सगळ्यात बोचतं : जुन्या, स्वस्त औषधात कोणाला पैसा मिळणार? नव्या औषधाची चाचणी कंपनी करते, कारण पुढे विक्री असते. जुन्या इंजेक्शनची चाचणी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेनंच करावी लागते. परळच्या चाचणीत १९९७ ला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला २०११ उजाडलं आणि त्यामागचं कारण सापडू लागायला २०१७. एवढा धीर आणि एवढा पैसा कोण लावणार, हा विज्ञानाचा प्रश्न राहत नाही. तो बजेटचा प्रश्न होतो, म्हणजे आपण मतदार म्हणून विचारायचा प्रश्न.

आणि एक सावधगिरी. यातून 'प्रोजेस्टेरॉन घेतलं की कॅन्सर होत नाही' असा फॉरवर्ड तयार करू नका. २००२ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत पाळी थांबलेल्या बायकांना ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध एकत्र दिलं जात होतं. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. एकच हार्मोन, पण कोणाला, कधी, कशासोबत आणि किती दिवस, यावर गोष्ट उलटते.

हेडलाइन आली की काय करायचं?

नोबेलनंतर मायक्रोआरएनएच्या बातम्यांना ऊत आला. मीही मीडियात शिकतेय, त्यामुळे हेडलाइन कशी फुगते हे जवळून दिसतं. दोन गोष्टी डोक्यात ठेवा.

पहिली, मायक्रोआरएनएवर आधारलेलं कर्करोगाचं औषध अजून बाजारात नाही. मिर-३४ची नक्कल करणाऱ्या एका औषधाची माणसांवरची चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती. गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये ती थांबवावी लागली. कारण सोपं आहे : हा पोरगा एकाच पदार्थाची चिठ्ठी अडवत नाही, एकेक मिर शेकडो चिठ्ठ्यांना हात लावू शकतो. एक बंद करायला जावं तर दहा ठिकाणी गोंधळ.

दुसरी, चाचणीची बातमी आली तर ती नेमकं काय मोजते ते बघा. आपल्या नाशिकच्याच दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनाच्या कर्करोगासाठीच्या रक्तचाचणीला नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. अभिमानाची गोष्ट आहे. पण ती चाचणी रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी शोधते, मायक्रोआरएनए नाही. आणि ब्रेकथ्रू दर्जा म्हणजे तपासणीची प्रक्रिया वेगानं होईल असं आश्वासन. ती मान्यता नव्हे. दोन शब्दांतला हा फरक बातमीत फार वेळा गळून पडतो.

कागद हातात आला तर

आता पुन्हा त्या तीन ओळींकडे. रिपोर्ट वाचायला बसलात तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न हे :

• ईआर पॉझिटिव्ह आहे, पण किती टक्के? स्लाइडवर १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह लिहितात. १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' म्हणतात. १ टक्का आणि ९० टक्के या दोन्ही पुढे शब्द एकच, पण गोष्टी वेगळ्या.

• आजार उलटला किंवा दुसरीकडे गेला, तर नवीन जागेचा तुकडा काढून ईआर, पीआर, हर-टू पुन्हा तपासणार का? जुना रिपोर्ट जुन्या गाठीचा आहे. शक्य असेल तिथे पुन्हा तपासावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

• हार्मोनची गोळी किती वर्षं घ्यायची? आणि मग घरी ती खरंच घेतली जातेय का, हे बघणं तुमचं काम. केमो संपली, केस परत आले की 'आता बरी आहे' म्हणून गोळी सुटते. गरम वाफा येतात, सांधे दुखतात, म्हणूनही सुटते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून मार्ग निघतो. परस्पर बंद करायची नाही.

बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खारघरचा २०२२ चा अभ्यास आधीच गोळा झालेल्या डेटाच्या फेरवाचनातून सुरू झाला. ज्या अमेरिकी डेटामध्ये त्यांनी मिर-१३०ए तपासला, त्याचा बराच भाग कोणालाही फुकट उघडता येतो. तुमच्या होस्टेलच्या लॅपटॉपवरसुद्धा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय नाही म्हणून रडणाऱ्यांनी एकदा तिकडे डोकावून बघावं.

रॅली काढा, फिती लावा, त्यात वाईट काही नाही. फक्त पुढच्या ऑक्टोबरला पोस्टर रंगवायला बसाल तेव्हा 'लवकर ओळखा'च्या खाली अजून एक ओळ लिहा : 'ईआर किती टक्के, ते विचारा.' कोणीतरी थांबून 'म्हणजे काय?' असं विचारेलच. तेव्हा त्याला मिसळीच्या चिठ्ठीची गोष्ट सांगा.